दुसऱ्या हाफची जर्सी

मी एक जुनी जर्सी आहे. वयाने म्हणाल तर मी अजून कोवळीच. एका सामन्याचा अर्धा भाग खेळाडूच्या अंगावर काढला आणि तेवढ्यावरच जुनी ठरले. आत्ता मी धामापूरला गुरुदासांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, दोरीवर वाळत आहे. पाठीवर अकरा आकडा, त्याच्यावर सर्वेशचं नाव, छातीवर देशाचा शिक्का. उन्हात माझा निळा रंग अजून छान दिसतो असं मीच म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणत नाही.

दार उघडं असलं की दोरीवरून मला घरातली भिंत दिसते. त्या भिंतीवर काचेच्या चौकटीत माझी जुळी बहीण बसली आहे. तिचाही रंग निळा आणि आकडा अकराच, नावही तेच. पण तिच्यावर स्वतंत्र दिवा आहे. पाहुणे येतात, चपला काढतात आणि पाणी प्यायच्या आधी तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मित्रांनो, मला तिचा हेवा वाटतो. खूप वाटतो. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे या जर्सीच्या पोटात एक आणि ओठात दुसरं होतं, असं नंतर कोणी म्हणायला नको.

आम्ही दोघी तिरुपूरच्या एका कारखान्यात एकाच ताग्यातून कापल्या गेलो. एकाच बाईने आम्हाला शिवलं, एकाच इस्त्रीखाली आमच्यावर आकडे चिकटले. मोठ्या सामन्यात खेळाडूला दोन जर्स्या देतात. पहिल्या हाफमध्ये एक घामाने भिजते, मध्यंतरात ती काढून दुसरी कोरडी घालायची. कोणती आधी आणि कोणती नंतर, याला काही शास्त्र नाही. कपडे सांभाळणाऱ्या माणसाने पेटी उघडली, वरची घडी उचलली आणि खुंटीला पुढे लावली. वर ती होती. आमच्या नशिबातला फरक एवढाच, पण तो मला आजवर पुरून उरला आहे.

आता आमच्या सर्वेशविषयी सांगते. गुरुदासांची भातशेती आहे आणि डोंगरउतारावर काजूची बाग आहे. भात कापून झालं की रिकाम्या मळ्यात दोन बांबू रोवायचे आणि कापलेल्या रोपांच्या टोचऱ्या सडांतून अनवाणी चेंडू पळवायचा, असं करत सर्वेश मोठा झाला. उन्हाने तो आणखी काळा झाला. शाळेत पोरं त्याला 'काळग्या' म्हणायची. तो मैदानात उतरला की मात्र गप्प बसायची. पुढे तो जिल्ह्याकडून खेळला, मग राज्याकडून, आणि शेवटी देशाच्या तेवीस वर्षांखालच्या संघात गेला. त्याची थोरली बहीण समीक्षा कसालच्या शाळेत शिकवते. भावाच्या सामन्याचा दिवस आला की तिच्या वर्गातल्या मुलांना आदल्या दिवशीच आफ्रिका नाहीतर आखाताचा नकाशा काढावा लागायचा.

तो सामना एका आखाती देशात होता. समोर आफ्रिकेतल्या एका देशाचा संघ होता. पहिल्या हाफला मी आत खोलीत खुंटीवर लटकले होते. बाहेरून लोकांचा आवाज येत होता आणि माझा जीव वरखाली होत होता. एकदा तर भिंत हादरली. मी समजले, गोल झाला. तो गोल सर्वेशने मारला होता, आणि तो माझ्या बहिणीला अंगात घालून मारला होता. मध्यंतरात ती आत आली तेव्हा तिच्यावर हिरवं गवत, माती आणि घाम होता. सर्वेशने तिला काढताना तिच्या शिक्क्याचं चुंबन घेतलं. माझ्या शिवणी ताणल्या गेल्या. मी मनात म्हटलं, थांब, आता माझी पाळी आहे, दोन गोल होतील.

दुसऱ्या हाफला त्यांनी अमादू नावाचा नवा मुलगा आणला. काटकुळा, सर्वेशहून थोडा लहान, आणि पाय असे की चेंडू त्याला विचारून वळत होता. अमादूला अडवणं हे सर्वेशचं काम होतं. पहिल्या वेळी अमादू डावीकडून निसटला. दुसऱ्या वेळी उजवीकडून. तिसऱ्या वेळी त्याने चेंडू सर्वेशच्या दोन पायांमधून सारला आणि पलीकडे जाऊन पुन्हा घेतला. तिथे आपल्याकडची खूप माणसं कामाला असतात. ती सर्वेशसाठीच रजा टाकून आली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या अमादूला. खेळ चांगला असला की माणसाचे हात ऐकत नाहीत. त्यांच्यातलं कोणीतरी हसलंसुद्धा.

त्या वेळी सर्वेशच्या छातीत काय पेटलं, ते माझ्याइतकं जवळून कोणालाच कळलं नसेल. ती आग माझ्या ओळखीची होती. मध्यंतरापर्यंत तीच माझ्यात होती.

मग अमादूच्या पासवर त्यांचा गोल झाला आणि बरोबरी झाली. लगेच त्यांना कॉर्नर मिळाला. गोलसमोर गर्दी झाली, अमादू आणि सर्वेश खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सर्वेशने माझी कॉलर धरली, वर ओढली, नाकापर्यंत तोंड झाकलं आणि माझ्या आडून अमादूला म्हणाला, "मंकी."

एकच शब्द होता तो. माकड. इंग्रजीत, म्हणजे समोरच्याला नक्की कळेल असा. तो माझ्या कापडातून गाळून बाहेर गेला, म्हणून पहिल्यांदा मला लागला.

अमादू जागच्या जागी थांबला. चेंडू हवेतून आला आणि गेला, त्याने बघितलंही नाही. तो पंचांकडे चालत गेला. पंचांनी दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून खूण केली. खेळाडूला रंगावरून हिणवल्याची ती खूण असते. सामना थांबला. सगळे सर्वेशभोवती जमले. तो म्हणाला, "मी घाम पुसत होतो." घाम त्याच्या कपाळावर होता आणि मी तोंडावर होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. कॅमेऱ्यांत दिसलं ते फक्त निळं कापड.

सामना बरोबरीत सुटला. खेळ संपला की खेळाडू एकमेकांशी जर्स्या बदलतात. कधी पाहिलंय तुम्ही? आमच्या जातीत त्याहून मोठा मान नाही. कालपर्यंत परकी असलेली जर्सी त्या घरची होते. सर्वेशने सवयीने माझ्या काठाला हात घातला. अमादू त्याच्यासमोरून गेला. त्याने आपली जर्सी दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. सर्वेशचा हात खाली आला आणि मी तशीच ओली त्याच्या अंगावर राहिले.

त्यानंतर माझी रवानगी पिशवीच्या तळाला झाली, बुटांच्याही खाली. न धुता.

घरी आल्यावर गुरुदासांनी माझ्या बहिणीला कुडाळला नेलं आणि चौकट करून आणली. काच, सोनेरी पट्टी, दिवा, सगळं. कसालच्या नाक्यावर सर्वेशच्या स्वागताचा फलक लागला. आमच्या घरी बुंदीचे लाडू झाले. गुरुदास प्रत्येकाला चौकटीजवळ नेत आणि सांगत, "ह्याच जर्सीत मारल्यान." मी खाली पिशवीत ऐकत होते. माझा उल्लेख म्हणून नाही. जुळ्या बहिणी असल्याचं त्या घरात कोणी बोलतच नव्हतं.

एके दिवशी नर्मदाबाईंनी, म्हणजे सर्वेशच्या आईने, पिशवी उपसली. मला झटकलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "एकसारख्यो दोन-दोन दितत कित्याक काय म्हायत." काजूचे दिवस होते. डोक्यावरून टोपल्या आणायच्या तर टोपलीखाली मऊ काहीतरी लागतं. त्यांनी मला पीळ देऊन गोल गुंडाळलं आणि माझी चुंबळ केली. झालं. बहीण काचेत आणि मी काजूच्या टोपलीखाली. बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, रस गळून माझ्यावर डाग पडले, ते अजून निघालेले नाहीत. पण खोटं कशाला बोलू, नर्मदाबाईंच्या डोक्यावर मला ऊब मिळाली. त्या वाटेत माझ्याशी बोलत नसत, तरी स्वतःशी गुणगुणत, आणि ते काचेतल्या बाईसाहेबांना कुठून मिळणार?

तिकडे प्रकरण वाढत होतं. चौकशी बसली होती. संघाच्या माणसाने फोनवर सर्वेशला सांगितलं होतं, "चित्रफितीत काही नाही. घाम पुसत होतो, एवढंच धरून राहा." गावातली माणसं पडवीत बसून मोबाईलवर अमादूबद्दल वाचत आणि तावातावाने बोलत. तो खोटारडा आहे, हरत होता म्हणून नाटक केलं, आपल्या गरीब घरच्या मुलाला अडकवायला निघाला आहे, असं सगळं. कोणी कोणी तर अमादूच्या पानावर जाऊन माकडाची चित्रं टाकत होते. सर्वेश चहाचा कप घेऊन ऐकत असे. कप थंड व्हायचा. जेवण निम्मं टाकून तो मळ्याकडे निघून जायचा आणि चेंडू मात्र घरीच ठेवायचा. नर्मदाबाई म्हणायच्या, "पोर झुरता. खोट्या आळान माणूस झुरताच."

मग गुरुदासांनी ठरवलं, भगवतीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं.

आमच्याकडे काहीही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, जाणत्या माणसाने देवाला सगळी हकीकत मोठ्याने सांगायची, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते म्हटलं की आपण त्या वाक्याला साक्षीदार झालो. धामापूरला गाऱ्हाणं घालतात बाबलीकाका. वय झालंय, पण आवाज देवळालगतच्या तळ्याच्या पलीकडे जाईल असा. त्यांचा एक नियम आहे. ज्याच्यासाठी नारळ ठेवला, त्याचा 'व्हय म्हाराजा' त्यांना वेगळा ऐकू यावा लागतो.

त्या सकाळी नर्मदाबाईंनी टोपलीत नारळ, फुलं, उदबत्त्या, प्रसादाचं सामान भरलं आणि मला डोक्यावर ठेवून वर टोपली घेतली. तळ्याच्या काठाने सगळे निघाले. सर्वेश मागून येत होता. देवळाच्या पायरीशी तो पुढे झाला, टोपली उतरवायला त्याने हात वर केले, आणि मला पाहिलं. पिळलेल्या कापडात अकरातला एक आकडा वर आला होता, आणि त्याच्याशेजारी माझी कॉलर.

"आई, ह्या खंय गावला तुका?"

"तुझ्याच पिशयेत. कित्या?"

"काढ ता. डोक्यार घेव नको."

"अरे मऊ आसा. माझी मान दुखाची बंद झाली हेच्यान."

त्याचे हात टोपलीवर तसेच राहिले. माझ्यात त्याने जे टाकलं होतं, ते त्याची आई रोज डोक्यावर घेऊन चालत होती. मला वाटतं, ते त्याला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

आत बाबलीकाकांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

"आई भगवती माते, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज गुरुदासान तुझ्या दारात नारळ ठेवलेलो आसा."

"व्हय म्हाराजा."

"त्याचो झील देशासाठी परमुलखात खेळाक गेलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"थंय त्याच्यार खोटो आळ इलो. त्येच्या तोंडातसून वायट शब्द गेलो नाय, आनी तरी गेलो म्हणान सांगतत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गुरुदास सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

बाबलीकाका थांबले. त्यांनी मान वळवून सर्वेशकडे पाहिलं. "माका तुझो आवाज इलो नाय, झिला," ते म्हणाले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. सर्वेशचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्याने आपल्या अंगातल्या शर्टाची कॉलर दोन बोटांनी धरली आणि हळूच वर ओढून तोंडावर घेतली.

नर्मदाबाई त्याच्या शेजारी होत्या. मी त्यांच्या हातात होते. त्यांनी ती कॉलर वर जाताना पाहिली. तेच दृश्य त्यांनी टीव्हीवर कितीदा तरी पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी शेजारणींना सांगितलं होतं, घाम पुसता तो. देवळात गार वारा होता. तळ्यावरून येतो तो. घाम कोणालाच नव्हता.

त्यांनी मला घट्ट पिळलं. चुंबळ करतात तसं नव्हे.

गाऱ्हाणं कसंबसं पुरं झालं. बाबलीकाकांनी नारळ वाढवला, पण खोबरं वाटताना ते कोणाकडे बघत नव्हते. घरी परतताना तळ्याच्या बांधावर नर्मदाबाई मागे राहिल्या आणि त्यांनी सर्वेशला थांबवलं. समीक्षाही थांबली. गुरुदास पुढे गेले होते, ते वळून आले.

"काय बोललंस तू त्याका?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"काय नाय, आई."

"देवीसमोर माझ्या तोंडातसून व्हय म्हाराजा काढून घेतलंस. माका तरी सांग."

सर्वेशने तळ्याकडे बघत सांगितलं. "माकड म्हटलंय त्याका. लोक त्येका टाळ्यो वाजवीत होते, माका सहन झाला नाय."

गुरुदास म्हणाले, "कोणाक आयकाक इला नाय ना? मगे झाला तर. चार दिवस गप ऱ्हव, इसरतत लोक."

मग समीक्षाने तोंड उघडलं. ती शांत बोलते, मास्तरीण आहे. "बाबा, माका बघूक कुडाळची माणसा इली होती, आठावता? जाताना त्या बाईन दारात सांगल्यान, पोरगी बरी आसा, पण रंगान मार खाल्ल्यान. ह्या सर्वेशान पोह्यांचा ताट खळ्यात भिरकावलेला. आठ दिवस तुमच्याशी बोललो नाय, तुमी त्यांका चार शब्द सुनावलास नाय म्हणान." ती सर्वेशकडे वळली. "तेव्हा तुका कळला, माका किती लागला ता. मगे ह्या त्याका लागात, ह्या कळूक नाय?"

"देवीकडे माफी मागतंय मी," सर्वेश म्हणाला.

"देवीक काय बोललंस तू?" समीक्षा म्हणाली. "ज्याका बोललंस, त्याका सांग."

गुरुदास तरातरा घरी निघून गेले. मित्रांनो, मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी भिंतीवर जे लावलं होतं, ते त्यांना उतरवायचं नव्हतं. मलाही एक विचार शिवून गेला, तो लपवत नाही. सर्वेशने कबूल केलं, तर माझ्या बहिणीची ऐट उतरेल. काचेवर धूळ बसेल. मला ते हवंसं वाटलं. हेवा असाच असतो, चांगल्या गोष्टीतही आपला वाटा शोधतो. म्हणूनच सर्वेशला मी ओळखू शकते. पण एक फरक आहे आमच्यात. मी जळते ती उघड जळते. त्याने दुसऱ्याच्या आड लपून जळकं थुंकलं, आणि ती दुसरी मी होते.

चौकशी इंटरनेटवरूनच व्हायची होती. आमच्या घरात रेंज येते ती पडवीच्या एकाच कोपऱ्यात, तांदळाच्या पिंपाजवळ. तिथे समीक्षाने लॅपटॉप ठेवला. त्यामुळे ज्याला खाजगीत बोलायचं होतं, त्याला सगळ्या घरासमोर बसावं लागलं. गुरुदास खांबाला टेकून पाठमोरे उभे राहिले. बसण्यापूर्वी सर्वेशने आईकडून मला मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. पडद्यावर चौकशीची माणसं दिसली, आणि एका चौकटीत अमादू. त्याच्या मागे भिंत होती, रिकामी. तो दमलेला दिसत होता.

त्यांनी विचारलं तेव्हा सर्वेशने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तोंडाजवळ काही नव्हतं. तो म्हणाला, "मी बोललो. त्याने ऐकलं ते बरोबर ऐकलं. तो खोटं बोलला नाही, मी बोललो." मग तो शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही, पण काय म्हटलं आणि का म्हटलं ते सांगितलं. टाळ्यांचं सुद्धा सांगितलं. समीक्षा हळू आवाजात आईला मालवणीत सांगत होती.

नंतर त्यांनी अमादूला विचारलं, तुला काही म्हणायचं आहे का. तो म्हणाला, "लोकांनी मला खोटारडा म्हटलं, ते एक वेळ सोडा. माझी आईसुद्धा रोज विचारायची, नीट ऐकलंस ना रे, गोंगाट होता ना? शेवटी मलाच शंका यायला लागली. आज रात्री मी तिला सांगू शकेन."

सर्वेश म्हणाला, "मी तुला माझी जर्सी पाठवतो. ज्यात गोल केला ती. घरात तिच्याहून मोठं काही नाही."

खांबाजवळ गुरुदास हलले. माझ्या मनाचं काय झालं, ते तुम्हीच ओळखा. माफी मागतानासुद्धा तीच.

अमादू म्हणाला, "ती तुझ्या घरी राहू दे. तो गोल चांगला होता. मला दुसरी पाठव, जिच्या आडून बोललास ती. आईला दाखवीन, म्हणजे ती पुन्हा विचारणार नाही." मग तो म्हणाला, "माझी जर्सी आत्ता मिळणार नाही. पुन्हा समोर आलास आणि उघड्या तोंडाने खेळलास, तर मैदानातच काढून देईन. आणि हो, धुऊन पाठव."

"काय म्हणता तो?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"धुवून पाठव म्हणता."

"सांग त्याका, आता मीच धुवन दितलंय म्हणान."

सर्वेशला वर्षभर देशाकडून खेळायला बंदी झाली. कसालच्या नाक्यावरचा फलक दुसऱ्या दिवशी निघाला. काही जणांनी तोंड फिरवलं. काहींनी कानाशी येऊन सांगितलं, वेडा आहेस, झाकली मूठ सव्वा लाखाची होती. अमादूला शिव्या घालणाऱ्यांपैकी कोणी आपले शब्द मागे घेतल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. बाबलीकाका मात्र स्वतः घरी आले. म्हणाले, "माझ्या तोंडातसून देवीकडे खोटा गेला, ता माका परत घेवक व्हया." पुन्हा नारळ ठेवला गेला. या वेळी गाऱ्हाण्यात आळ हा शब्द नव्हता. झाली ती चूक पदरात घे आणि त्या परमुलखातल्या पोराच्या आवशीच्या मनाक शांती दी, असं होतं. या वेळी बाबलीकाकांना थांबावं लागलं नाही. सर्वेशचा 'व्हय म्हाराजा' त्यांना वेगळा ऐकू आला.

काल नर्मदाबाईंनी मला विहिरीवरच्या दगडावर घासलं. काजूचे डाग गेले नाहीत, तेव्हा त्या सर्वेशला म्हणाल्या, "ऱ्हवांदेत. आमच्या घरची ओळख." सकाळपासून मी दोरीवर आहे. संध्याकाळी सर्वेश मला घडी घालून कसालच्या टपालात टाकील.

आज दुपारी गुरुदासांनी हातोडी काढली. मला वाटलं, आता बहिणीला खाली उतरवतात. सर्वेशच्या कबुलीपासून त्यांनी तो दिवा लावला नव्हता, आणि पाहुण्यांपैकी कोणी दुसऱ्या हाफचं विचारलं की चहा आणतो म्हणून उठून जात होते. पण त्यांनी तिला हात लावला नाही. तिच्या शेजारी, तिच्याच उंचीवर, एक नवा खिळा ठोकला. सर्वेश दारात उभा होता.

"ह्यो कोणासाठी, बाबा?"

"त्या पोराची येतली ना," गुरुदास म्हणाले. "आनशीत तेव्हा."

मित्रांनो, जाण्यापूर्वी माझं एकच मागणं आहे. तुमच्याकडेही शाळेच्या संघाची, गल्लीच्या संघाची माझ्यासारखी एखादी असेल. तिला चिखलात लोळवा, तिने घाम पुसा, हरलात तर तिच्यात तोंड खुपसून रडा, ती तक्रार करणार नाही. खेळून आलात की धुऊन वाळत घाला. हेवा वाटला तर वाटू द्या, मलाही वाटतो, पण तिच्या आड तोंड लपवू नका. जे बोलायला तोंड झाकावं लागतं, ते गिळून टाका.

इथून मला तो खिळा दिसतो आहे. रिकामा आहे, नवा आहे, उन्हाची तिरीप आली की चमकतो. ज्या जागेसाठी मी इतके दिवस जळले, ती जागा अगदी तशीच, बहिणीच्या शेजारी. एक दिवस तिथे अमादूची जर्सी येईल आणि पाहुणे तिच्यासमोरही उभे राहतील. अजून आलीही नाही, तरी तिचाही मला आत्तापासून हेवा वाटतो. पण ती यावी, म्हणूनच मी चालले आहे.